नेट बंद पडलं की राउटर बंद-चालू करण्याआधी: कमांड लाइनवरून दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधूया

पारिजातक (धागाकर्ती)

पतसंस्थांच्या शाखांचं नेटवर्क सांभाळणं हे माझं रोजचं काम. दिवसभर फोनवर एकच वाक्य ऐकू येतं: "मॅडम, नेट नाही." यात निदान पाच वेगवेगळी दुखणी लपलेली असू शकतात. लॅपटॉप आणि वायफायमधलं, राउटरनं आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) न देण्याचं, कंपनीच्या लाइनचं, डीएनएसचं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचं), किंवा आपलं सगळं ठीक असून समोरची साइटच बसल्याचं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. राउटर बंद-चालू केल्यानं कधी कधी चालू होतं हे खरं, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि आठवड्यानं तेच पुन्हा होतं.

म्हणून हा धागा. विंडोजच्या काळ्या खिडकीत चार-पाच कमांड टाकल्या की दुखणं कुठल्या टप्प्यावर आहे ते कळतं. कमांड आणि आकडे मी इथे देवनागरीत लिहिते आहे, टंकताना इंग्रजी अक्षरांत टंका. स्टार्टमध्ये सीएमडी टंकलं की खिडकी उघडते.

क्रम एकच ठेवा, जवळून लांब.

आधी आयपीकॉन्फिग /ऑल. भलीमोठी यादी येते, तिच्यातल्या तीन ओळी बघा: आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे बहुधा तुमचा राउटर) आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा). पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा राउटरनं दिलेला आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र राउटरकडून काहीच मिळालेलं नाही आणि विंडोजनं स्वतःच एक पत्ता लावून घेतला आहे. अशा वेळी कंपनीला फोन करण्यात काही अर्थ नाही, बिघाड तुमच्या घरातच आहे. आयपीकॉन्फिग /रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग /रिन्यू करून बघा, वायर हलवून बघा.

मग पिंग आणि पुढे गेटवेचा पत्ता. बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वायरनं जोडलं असेल तर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं, वायफायवर दोन-पाच. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि थेट गूगलला पिंग करतात. पण राउटरलाच पिंग करताना २, ३, २८०, ४, ४१० असे आकडे नाचत असतील तर तुमचं वायफाय आजारी आहे. लाइन शंभर एमबीपीएसची असो की हजारची, व्हिडिओ कॉल तुटणारच. -टी जोडून दोन मिनिटं चालू ठेवा, लॅपटॉप घेऊन घरभर फिरा, कंट्रोल-सीनं थांबवा. कुठल्या खोलीत आकडे फुगतात ते लगेच दिसतं.

मग पिंग १.१.१.१ किंवा ८.८.८.८ (हे बाहेरचे, सगळ्यांना खुले डीएनएस सर्व्हर). इथे नाव नाही, थेट पत्ता आहे, त्यामुळे डीएनएसचा संबंध येत नाही. हे चाललं आणि नावानं साइट उघडत नसेल तर संशय डीएनएसवर.

एक जागा नीट ओळखून ठेवा. पिंगनं "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.७: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असं म्हटलं आणि तो पत्ता तुमच्याच मशीनचा असेल, तर समोरून उत्तर आलेलंच नाही. तुमच्याच मशीननं सांगितलं की "मला तो सापडला नाही." पण खालच्या हिशोबात विंडोज तेही उत्तर म्हणून मोजतं आणि झिरो पर्सेंट लॉस दाखवतं. फक्त शेवटची ओळ वाचली तर सगळं छान आहे असं वाटतं. वरच्या ओळी वाचाच.

पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लिहिला, नेटवर्क का अडतंय ते शोधायला. आज जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये तो आहे आणि विचारतो तेच: आहेस का, आणि उत्तर द्यायला किती वेळ लागला. मला या साधेपणाचं फार अप्रूप आहे.

अडचणी इथे लिहा. फोटो नको, खिडकीतला मजकूर चिकटवा.

---

कृष्णाकाठ

ताई, फार कामाचा धागा. डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीबद्दल माझा अनुभव जोडतो.

आमच्या सीए ऑफिसात अचानक निम्म्या मशीनवर नेट बंद, निम्म्यावर चालू. दुपारी चालू असलेलं मशीन संध्याकाळी बंद. सगळ्यांनी कंपनीला शिव्या घातल्या. आयपीकॉन्फिग /ऑल केल्यावर चालू मशीनवर डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१ आणि बंद मशीनवर १९२.१६८.०.१. म्हणजे ऑफिसात पत्ते वाटणारे दोघे! कॉन्फरन्स रूममध्ये रेंज येत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला लॅनच्या बाजूनं जोडला होता. तोही पत्ते वाटत बसला, पण त्याच्यामागे नेट नव्हतंच.

शोधलं असं: बंद मशीनवर एआरपी -ए (जवळच्या यंत्रांचे पत्ते दाखवणारी कमांड) केलं, त्यात १९२.१६८.०.१ समोर मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) आला. मग एकेका राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवरचा मॅक बघत गेलो. जुळला तो काढला.

---

सह्यभ्रमर

मी तर सगळ्यांच्या मशीनवर डीएनएस ८.८.८.८ करून ठेवतो. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

---

पारिजातक

कृष्णाकाठ, अगदी नेमकं. ही ओळ वाचायची सवय लागली की असे प्रकार मिनिटांत सापडतात.

सह्यभ्रमर, घरी चालेल, ऑफिसात सरसकट करू नका. ऑफिसातल्या प्रिंटरची, फाइल सर्व्हरची, विंडोज डोमेनची नावं फक्त आतल्या डीएनएसला माहीत असतात. बाहेरचा डीएनएस लावला की यूट्यूब चालतं आणि लॉगिन रखडतं. आधी खरंच डीएनएसच आहे का ते एनएसलुकअपनं (डीएनएसला नावाचा पत्ता विचारणारी कमांड) बघा. नुसतं नाव देऊन एकदा विचारा, मग तेच नाव आणि पुढे १.१.१.१ देऊन दुसऱ्यांदा विचारा. पहिल्याला टाइम आउट आणि दुसऱ्याला उत्तर असेल तर तुमचा डीएनएस सर्व्हर उत्तर देत नाहीये. दोघांनीही नॉन-एक्झिस्टंट डोमेन म्हटलं तर तुम्ही नावच चुकीचं टंकलंय किंवा ते नाव आता अस्तित्वात नाही.

---

उत्तररात्र

मी सेकंड इयरला आहे. एनएसलुकअप केलं की "नॉन-ऑथोरिटेटिव्ह आन्सर" असं येतं. म्हणजे उत्तर खोटं आहे का? आणि माझ्याकडे आणखी एक विचित्र प्रकार आहे. एनएसलुकअप कॉलेजच्या साइटचा बरोबर पत्ता देतं, पण पिंग केलं की तिसऱ्याच पत्त्यावर जातं.

---

पारिजातक

नॉन-ऑथोरिटेटिव्ह म्हणजे उत्तर त्या नावाच्या मूळ सर्व्हरकडून न येता मधल्या सर्व्हरनं आपल्या आठवणीतून दिलं. रोजची जवळजवळ सगळी उत्तरं अशीच असतात. घाबरू नका.

दुसरा प्रश्न छान आहे. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. पिंग आणि ब्राउझर मात्र आधी विंडोजला विचारतात. विंडोज स्वतःजवळ साठवलेली उत्तरं बघतं आणि होस्ट्स नावाची फाइलसुद्धा बघतं. तेव्हा आधी आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस करा. तरी फरक नाही पडला तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरातली होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिच्यात कॉलेजच्या साइटचं नाव दिसतंय का बघा. आणि उत्तर कोलन-कोलनवाल्या लांबलचक पत्त्यावरून येत असेल तर तो आयपीव्ही६ पत्ता आहे, त्यात काही बिघाड नाही. पिंगला -४ लावून बघा.

---

उत्तररात्र

होस्ट्समध्येच होतं! मागच्या वर्षी प्रोजेक्टसाठी सीनियरनं टाकलेली ओळ. काढली, चाललं. खूप आभार ताई.

---

मुक्काम_श्टुटगार्ट

ट्रेसर्टबद्दल (पॅकेट कुठल्या वाटेनं जातं ते टप्प्याटप्प्यानं दाखवणारी कमांड) लिहितो, कारण त्याचा अर्थ लावताना सगळ्यात जास्त गफलत होते.

नेटवर्कवरून माहिती छोट्या तुकड्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो. शून्य झाला की राउटर ते पॅकेट फेकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो. एरवी ही सोय पॅकेटं गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून. १९८७ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी तिचाच उपयोग करून ट्रेसराउट लिहिलं. मुद्दाम टीटीएल १ ठेवून पॅकेट पाठवायचं, पहिला राउटर कळवतो. मग २, मग ३. अशी वाट एकेक टप्प्यानं उलगडते. विंडोजचं ट्रेसर्ट पिंगसारखीच पॅकेटं पाठवतं. लिनक्सवरचं ट्रेसराउट एरवी यूडीपी नावाची वेगळ्या प्रकारची पॅकेटं पाठवतं, म्हणून दोघांची उत्तरं कधी कधी वेगळी दिसतात.

आता वाचायचं कसं. मध्येच एका ओळीत तीन चांदण्या आल्या आणि पुढच्या ओळी व्यवस्थित असतील तर तिथे काहीही बिघडलेलं नाही. तो राउटर फक्त उत्तर देत नाही, पॅकेटं पुढे नेतोच आहे. तसंच मधल्या एका टप्प्यावर वेळ १९० आणि पुढच्या टप्प्यावर पुन्हा ४० असेल तरी चिंता नको. मोठे राउटर अशी उत्तरं देण्याला शेवटचं प्राधान्य देतात. बिघाड तेव्हाच, जेव्हा वाढलेला वेळ किंवा गळती त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकते. लिनक्सवर एमटीआर आणि विंडोजवर पाथपिंग हेच बराच वेळ मोजून दाखवतात, तक्रारीसोबत तेच जोडावं.

इथून, जर्मनीतून, मुंबईतल्या सर्व्हरला ट्रेस केलं की एका ओळीत वेळ एकदम ८०-९० मिलिसेकंदांनी उडी मारतो. तोही बिघाड नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. फ्रँकफर्ट ते मुंबई सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद निव्वळ निसर्गनियमानं लागणारच. समुद्राखालची केबल सरळ रेषेत येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा त्याहून बराच मोठा. तो समुद्र आहे, त्याला कुठलीही कंपनी काही करू शकत नाही. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट कसं रखडलं होतं ते आठवत असेल काहींना.

---

रानवाटा

शेतावर कॅमेरा बसवलाय. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी कॅमेऱ्याकडे वळवणं) केलं, तरी गावाबाहेरून दिसत नाही. शेतावर नेट उत्तम आहे.

---

मुक्काम_श्टुटगार्ट

राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय दिसतो? १००.६४ ते १००.१२७ मध्ये कुठे असेल तर कंपनीनं तुम्हाला खरा सार्वजनिक पत्ता दिलेलाच नाही, एकाच पत्त्यामागे बरीच गिऱ्हाइकं ठेवली आहेत. २०१२ मध्ये ही पत्त्यांची पट्टी याच कामासाठी राखून ठेवली गेली. तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून वाट नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा, किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या क्लाउड ॲपवरून बघा.

---

रानवाटा

१००.८१ ने सुरू होतोय. कळलं. उद्या विचारतो.

---

देवरुखची_वाट

पारिजातकताई, माझं कोडं सुटत नाहीये. घरून पुण्याच्या ऑफिसचं काम करते. मे महिन्यात वीज पडून राउटर जळला, केबलवाल्यांनी नवीन बसवून दिला. तेव्हापासून यूट्यूब मस्त चालतं, व्हॉट्सॲप चालतं, पण ऑफिसचं पोर्टल आणि इतर काही साइट नुसत्या फिरत राहतात. एरर नाही, काही नाही, पांढरं पान. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर त्याच लॅपटॉपवर सगळं उघडतं. केबलवाले येतात, स्पीड टेस्ट दाखवतात, ९८ एमबीपीएस येतो, आणि म्हणतात ऑफिसच्या साइटचाच प्रॉब्लेम आहे. ऑफिसचे आयटीवाले म्हणतात तुमच्या नेटचा. मी मधल्या मध्ये अडकले आहे. रोज कापून जाणारे तास रात्री भरून काढते.

तुमच्या क्रमानं सगळं केलं. गेटवे २ मिलिसेकंद, १.१.१.१ ला २१, एकही पॅकेट गळत नाही. एनएसलुकअप बरोबर. ट्रेसर्ट शेवटपर्यंत जातं.

---

पारिजातक

तुम्ही फार नीट तपासलंय, त्यामुळे अर्धं काम झालं आहे. आणखी एक करा. स्टार्टमधून पॉवरशेल उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे पोर्टलचं नाव, पुढे -पोर्ट ४४३ (सुरक्षित वेबसाइटचं दार). पिंग चाललं म्हणजे वेबसाइटचं दार उघडं आहे असं नसतं, आणि पिंग नाही चाललं म्हणजे साइट बंद असंही नसतं. बरेच सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. हे थेट दार वाजवून बघतं.

---

देवरुखची_वाट

टीसीपीटेस्टसक्सीडेड: ट्रू असं आलं. म्हणजे दार उघडतंय, तरी पान येत नाही.

---

पारिजातक

आता मला दाट शंका आहे. सीएमडीत हे टाका:

पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१

-एल मधलं ते छोटं एल आहे, एकचा आकडा नव्हे. -एफ म्हणजे वाटेत या पॅकेटचे तुकडे करू नका. मग तेच १४०० घेऊन करा.

---

देवरुखची_वाट

१४७२ ला चारही वेळा रिक्वेस्ट टाइम्ड आउट. १४०० ला चारही उत्तरं आली! हे काय आहे?

---

पारिजातक

सापडलं. आता १४६४ आणि १४६५ करून बघा. माझा अंदाज, पहिलं जाईल, दुसरं अडेल.

---

देवरुखची_वाट

अगदी तसंच झालं. १४६४ जातंय, १४६५ अडतंय. ताई, तुम्हाला कसं कळलं?

---

पारिजातक

सविस्तर लिहिते, कारण हे दुखणं असं आहे की माणसं महिनोन् महिने एकमेकांवर ढकलत राहतात.

इथरनेटवर (नेहमीच्या वायरच्या नेटवर्कवर) एका पॅकेटचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, १५०० बाइट. पिंगच्या १४७२ मध्ये आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (पिंग ज्या पद्धतीनं जातं तिचे) ८ मिळवले की बरोबर १५०० होतात. पण आपल्याकडे बऱ्याच फायबर लाइन राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड टाकून चालू होतात. त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तिचं स्वतःचं ८ बाइटचं वेष्टन असतं. म्हणून जागा उरते १४९२. त्यातून २८ वजा केले की १४६४.

तुमच्या नवीन राउटरमध्ये ही मर्यादा १५०० च ठेवलेली असणार. मोठं पॅकेट पुढे ढकललं जातं आणि वाटेत निमूटपणे मरतं. "फार मोठं आहे, लहान करून पाठव" असा निरोप उलट यायला हवा. १९९० च्या मानकात त्याची सोय आहे, पण कुठेतरी फायरवॉलनं असे निरोप अडवलेले असतात. पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

आता तुमची सगळी लक्षणं जुळतात. दार वाजवायची पॅकेटं छोटी, म्हणून ट्रू. पिंग आणि ट्रेसर्ट छोटे, म्हणून निर्मळ. व्हॉट्सॲपचा मजकूर छोटा. यूट्यूब क्रोममध्ये क्विक नावाच्या पद्धतीनं चालतं, तिची पॅकेटं १५०० पेक्षा बरीच लहान ठेवलेली असतात. पण ऑफिसच्या पोर्टलनं आपलं सुरक्षा प्रमाणपत्र पाठवलं की पहिल्यांदा भरगच्च पॅकेट निघतं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. ब्राउझर वाट बघत बसतो. म्हणून एरर नाही, फक्त फिरणारं चक्र. ज्या साइट उघडतात त्या बहुधा स्वतःहूनच लहान पॅकेटं पाठवत असतील.

खात्री करायला आधी फक्त लॅपटॉपवर बदल करा. सीएमडीवर उजवं क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर:

नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो सबइंटरफेसेस

यात तुमच्या वायफायसमोर १५०० दिसेल आणि त्याचं नाव दिसेल. मग, नाव वाय-फाय असेल तर:

नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस "वाय-फाय" एमटीयू=१४९२ स्टोअर=ॲक्टिव्ह

ॲक्टिव्ह लिहिल्यामुळे हा बदल मशीन रीस्टार्ट होईपर्यंतच टिकतो, काही कायमचं बिघडत नाही. यानंतर तुमचा लॅपटॉप जोडणी करतानाच समोरच्याला सांगतो की माझ्याकडे १४५२ बाइटपेक्षा (१४९२ मधून आयपी आणि टीसीपीचे २०-२० वजा) मोठा तुकडा पाठवू नको. पोर्टल उघडून बघा.

---

देवरुखची_वाट

उघडलं!!! एका क्षणात! काय सांगू तुम्हाला. मी रडायचीच बाकी आहे.

---

कृष्णाकाठ

वा! हे तर मी जपून ठेवणार. आमच्या एका क्लायंटची जीएसटीची कामं अशीच अडतात, उद्याच १४७२ टाकून बघतो.

---

पारिजातक

आता मूळ दुरुस्ती राउटरमध्ये व्हायला हवी, नाहीतर घरातल्या बाकीच्यांचं तसंच राहील. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ करायचं. एमएसएस क्लॅम्पिंग (तुकड्यांचा कमाल आकार राउटरनंच कमी ठरवणं) नावाचा पर्याय असेल तर तोही चालू. पान कुलूपबंद असेल तर केबलवाल्यांना सांगा, पण "नेट नीट चालत नाही" असं म्हणू नका. हे पाठवा:

"लाइन पीपीपीओई आहे. तुकडे न करता १४६४ बाइटचं पिंग १.१.१.१ ला जातं, १४६५ चं जात नाही. लॅपटॉपचा एमटीयू १४९२ केला की सगळ्या साइट उघडतात. राउटरचा वॅन एमटीयू १४९२ करून द्यावा."

सोबत दोन्ही पिंगचा मजकूर. यानंतर स्पीड टेस्ट दाखवून कोणी परत जाऊ शकत नाही.

---

सह्यभ्रमर

पारिजातक, डीएनएसबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. ऑफिसातल्या दोन मशीनवरचा ८.८.८.८ काढला, प्रिंटर नावानं सापडायला लागला. लिनक्सवर हे तुकडे न करता पिंग कसं करायचं?

---

पारिजातक

पिंग -एम डू -एस १४७२ १.१.१.१. पहिलं एम मोठ्या लिपीतलं, एस लहान. मॅकवर पिंग -डी -एस १४७२ १.१.१.१, तिथे डी मोठं.

---

देवरुखची_वाट

केबलवाले दादा आज येऊन गेले. तुमचा मजकूर आधीच पाठवला होता, त्यामुळे थेट राउटरच्या पानावर गेले. एमटीयू १५०० च होता. १४९२ केला. लॅपटॉप रीस्टार्ट करून सगळं मूळ सेटिंगवर तपासलं, पोर्टल चालतंय, बाबांच्या फोनवर न उघडणारी साइटही चालतेय. वीज पडली त्या आठवड्यात आमच्या वाडीत असेच राउटर बारा घरांत बदलले होते. दादांनी आमच्यासमोर यादी काढली आणि शेजारच्या घरी गेले. तिथे १४७२ मीच टाकून दाखवलं.